अवघड घसा

दुकान वडिलांच्या वेळचं. दोन खुर्च्या, भिंतभर एकच आरसा, आणि त्या आरशात दिवसभर एकमेकांना दिसणारे दोन भाऊ, जे एकमेकांशी बोलत नव्हते. थोरल्याची खुर्ची रस्त्याच्या बाजूला, धाकट्याची आत बेसिनपाशी. सकाळी शटर जड जायचं, म्हणून दोघं मिळून ते वर ढकलायचे. तेवढं झालं की दोघांची तोंडं दोन दिशांना.

निरोप गिऱ्हाइकांमार्फत चालायचे. "मास्तर, त्यांना सांगा, ब्लेडं संपत आली," असं थोरला म्हणायचा. मास्तर म्हणजे जवळच राहणारे निवृत्त शिक्षक, दर महिन्याला ठरलेले. ते मान न हलवता आरशातल्या धाकट्याला सांगायचे, "ब्लेडं संपत आली म्हणतायत." धाकटा म्हणायचा, "ऐकलंय म्हणावं." मास्तर वैतागून म्हणत, की मी केस कापायला येतो की तुमचा खटला चालवायला, हे एकदा मला समजू दे.

अबोल्याचं कारण एक वाक्य होतं. धाकट्याची बायको त्याला सोडून गेली, त्यानंतर तो बरेच दिवस गप्प गप्प असायचा. एकदा एका गिऱ्हाइकाचे कल्ले त्याच्या हातून वरखाली झाले. तेव्हा थोरला भरल्या दुकानात चेष्टेच्या सुरात म्हणाला, "याला बायको सांभाळता आली नाही, कल्ले काय सांभाळणार?" बाकावरची दोघं-तिघं हसली. धाकट्याने कैची खाली ठेवली, पुन्हा उचलली, कल्ले सारखे केले, गिऱ्हाइकाच्या मानेवरचे केस झटकले. त्या दिवसापासून तो थोरल्याशी बोलला नाही. थोरल्यालाही आपण काय बोलून बसलो ते संध्याकाळपर्यंत कळलं होतं. पण आज बोलू, उद्या बोलू करत वर्षं निघून गेली.

मग थोरला वाळायला लागला. छातीपर्यंत रुळणारी दाढी असल्यामुळे गाल बसलेले कोणाला दिसले नाहीत. पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं, तेव्हा त्याच्या बायकोला संशय आला. ती त्याला जवळपास ओढतच दवाखान्यात घेऊन गेली. तपासण्या झाल्या. मोठ्या आतड्यात गाठ निघाली. ती काढायला हवी, आणि लांबवून चालणार नाही, असं सर्जनने सांगितलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरबाई वॉर्डात आल्या. त्यांनी थोरल्याला तोंड उघडायला लावलं. तो आ करून बसला, पण तो आ काही फार मोठा नव्हता. मान मागे टाकून छताकडे बघा म्हणाल्या, तर त्याची नजर समोरच्या भिंतीच्या वरच्या कडेपर्यंत जेमतेम पोचली. जन्मभर दुसऱ्यांच्या डोक्यावर वाकून वाकून मान तशीच आखडून गेली होती. पूर्वी कधी भूल दिली होती का, तेव्हा काही त्रास झाला होता का, असं त्यांनी विचारलं. थोरला म्हणाला, अपेंडिक्सच्या वेळी दिली होती, आणि तशी झकास झोप त्यानंतर कधी लागली नाही. बायकोनेही मान डोलावली. तेव्हा ती बाळंतपणासाठी माहेरी होती, तिला जेवढं सांगितलं तेवढंच ठाऊक.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्या दाढीकडे बघत होत्या. म्हणाल्या, "ही काढावी लागेल. मास्क चेहऱ्यावर घट्ट बसला पाहिजे, दाढीतून हवा निसटते. आणि तुमची हनुवटी कशी आहे ते मला बघायचंय."

थोरल्याने ऑपरेशनला होकार दिला होता, सही केली होती, तपासणीला रक्त द्यायला हात पुढे केला होता. पण दाढी म्हटल्यावर तो अडून बसला. वॉर्डातला न्हावी सामान घेऊन आला, तर त्याने त्याच्या वस्तऱ्याकडे एकदा बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं. बायकोने समजावलं, रागावली, मग पर्स उचलून बाहेर पडली आणि थेट दुकानात आली.

धाकट्याच्या खुर्चीत गिऱ्हाईक होतं. ती दारातूनच म्हणाली, "भावजी, त्यांची दाढी काढायचीय. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत."

धाकट्याने हातातलं काम पुरं केलं. ब्रश, वस्तरा, साबणाची डबी, स्वच्छ टॉवेल असं सगळं पिशवीत भरलं आणि बाकावरच्यांना नंतर कधी या म्हणून सांगितलं. वाटेत वहिनी त्याला आजाराबद्दल सांगत होती. त्याला बरंचसं गिऱ्हाइकांकडून आधीच कळलेलं होतं, पण तो पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा ऐकत राहिला.

वॉर्डात दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. धाकट्याने खाटेचं डोकं वर करून घेतलं, टॉवेल गळ्याभोवती खोचला आणि आधी कैचीने दाढी उतरवली. पांढरे-काळे पुंजके मांडीवर पडत होते. मग त्याने फेस केला, दोन बोटांनी गाल ताणला आणि वस्तरा चालवला. थोरल्याने डोळे मिटून घेतले होते. भावाचा हात इतक्या वर्षांनी चेहऱ्याला लागत होता, आणि तो हलका होता.

गालानंतर हनुवटी उघडी झाली. थोरल्याची हनुवटी लहान, आत गेलेली, जवळजवळ गळ्यातच मिसळलेली. म्हणूनच तर त्याने तरुणपणी दाढी वाढवली होती. ती बघितली आणि धाकट्याचा हात थांबला. अपेंडिक्सच्या वेळी दवाखान्यात थोरल्यासोबत तोच होता. ऑपरेशननंतर घामाने भिजलेले एक म्हातारे डॉक्टर बाहेर आले होते. ते म्हणाले होते, तुमच्या भावाच्या घशात नळी घालताना आमचा जीव टांगणीला लागला होता. पुढे कधी वेळ आली तर हे आधी सांगा. धाकट्याने ते तेव्हाच थोरल्याच्या कानावर घातलं होतं. थोरला म्हणाला होता, माझ्या घशात घास जातो तेवढं पुरे. दोघं हसले होते, आणि गोष्ट तिथेच राहिली.

धाकट्याने वस्तरा टॉवेलवर पुसला. "दादा," तो म्हणाला, "मागच्या वेळी नळी जात नव्हती, ते इथल्या डॉक्टरांना सांगितलंस का?"

थोरल्याने डोळे उघडले. अर्धा चेहरा फेसात होता. भाऊ आपल्याशी बोलला हे आधी त्याच्या ध्यानात आलं, काय बोलला ते नंतर.

"नाही," तो म्हणाला. "विसरलो."

धाकट्याने उरलेली दाढी उतरवली, चेहरा पुसून दिला, आणि डॉक्टरबाईंना शोधून काढून सगळं सांगितलं. त्यांनी दोन-तीन प्रश्न विचारले. संशय त्यांना होताच, आता खात्री झाली. संध्याकाळी त्या पुन्हा खाटेपाशी आल्या आणि तिघांनाही समजेल असं बोलल्या. झोपवून नळी घालायला गेलो आणि ती गेली नाही तर श्वास अडकू शकतो, म्हणून आधी नळी, मग झोप. घसा औषधाने बधिर करणार, आणि कॅमेरा असलेली बारीक नळी नाकातून हळूहळू आत नेणार. त्या वेळी तुम्ही जागे असाल. खोकला येईल, नकोसं वाटेल, पण श्वास तुमचा तुम्हीच घेत असाल. थोरल्याने विचारलं, "दुखेल?" त्या म्हणाल्या, "दुखण्यापेक्षा भीती जास्त वाटेल. मी सबंध वेळ तुमच्याशी बोलत राहीन."

आणि तसंच झालं. पहिली नळी नीट गेली. गाठ पूर्ण निघाली. सर्जन बाहेर येऊन वहिनीला हसून सांगून गेले. बाकावर बसलेल्या धाकट्याने पिशवीतला डबा उघडला आणि सकाळपासून पहिल्यांदा काहीतरी खाल्लं.

नळी लगेच काढली नाही. घसा सुजलेला असेल म्हणून ती दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवली, आणि सगळं तपासून मगच काढली. थोरला घोगऱ्या आवाजात बायकोशी दोन शब्द बोललाही. पण पोटावर वरपासून खालपर्यंत टाके होते. श्वास खोल घेतला की दुखायचं, म्हणून तो वरच्यावर आखूड श्वास घ्यायचा. खोकायला सांगितलं की मान हलवून नको म्हणायचा. दुपारकडे त्याचा श्वास वाजायला लागला. घसा आतून आणखी सुजला होता. तेवढ्यात त्याला उलटी झाली, आणि ती बाहेर टाकण्याइतकी ताकद अंगात नव्हती.

धाकटा तेव्हा अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर होता. माणसं आत धावताना त्याने बघितली. डॉक्टरबाई जवळून पळत गेल्या, त्यांच्या एका पायातली चप्पल दाराशी निसटून पडली आणि तशीच राहिली. वहिनी भिंतीला पाठ टेकून उभी होती. बराच वेळ कोणी बाहेर आलं नाही. धाकट्याला काय करावं सुचेना. त्याने ती चप्पल उचलली आणि दाराच्या कडेला नीट ठेवली.

शेवटी डॉक्टरबाई बाहेर आल्या. वहिनीला बाकावर बसवून शेजारी बसल्या आणि काही न लपवता सांगितलं. नळी पुन्हा घालावी लागली, पण या वेळी सावकाश, जागेपणी घालायला वेळ नव्हता. दोनदा प्रयत्न केला. गेली नाही. तेवढ्यात प्राणवायू फार खाली गेला. मग सर्जनने गळ्याला समोरून छेद देऊन तिथून नळी बसवली. जीव वाचला आहे. पण उलटीतलं पाणी फुफ्फुसात उतरलं आहे, खालचा भाग मिटून गेला आहे, आणि न्यूमोनिया होणार हे जवळजवळ नक्की.

धाकटा समोर उभा होता. त्याचा आवाज चढला नाही, पण ओठ पांढरे पडले होते. "मी तुम्हाला आधी सांगितलं होतं."

"सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "म्हणूनच पहिली नळी सुखरूप गेली. अशा घशाला नळी काढणंही घालण्याइतकंच धोक्याचं असतं. ते आम्हाला माहीत होतं, तयारीही होती. तरी हे झालं. नळी अजून एक दिवस ठेवायला हवी होती का, हा प्रश्न मी स्वतःला विचारतेय. उत्तर सापडलं तर तुम्हालाही सांगेन."

धाकट्याने भांडायचं म्हणून जमवलेले शब्द तसेच राहिले. समोरची बाई त्याच्याइतकीच हादरलेली आहे, हे त्याला दिसत होतं. त्याने दाराकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "तुमची चप्पल तिथे ठेवलीय."

न्यूमोनिया झाला. आधी उजवीकडे, मग दोन्हीकडे. थोरला मशीनच्या श्वासावर होता, तापाने फणफणलेला, हातापायांना सूज. आत एका वेळी एकालाच सोडत. वहिनी सकाळी, धाकटा दुपारी. दुकान अर्धा दिवस बंद राहू लागलं. काही गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. मास्तर मात्र केस वाढवून फिरत राहिले आणि कोणी विचारलं तर दुकान उघडायची वाट बघतोय म्हणून सांगत.

एकदा तर डॉक्टरांनी वहिनीला बाजूला नेऊन कोणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या असंही सुचवलं. ती परत येऊन धाकट्याशेजारी बसली. मग ती म्हणाली, तुम्ही दोघं बोलत नव्हता ना, तेव्हा हे घरी येऊन रोज मला तुमच्याबद्दल सांगायचे. आज त्याने निळा शर्ट घातला होता. आज त्याला सर्दी झालीय. आज एका लहान मुलाचे केस कापताना हसत होता.

औषध बदललं. हळूहळू ताप उतरायला लागला. मशीनचा आधार थोडा थोडा कमी झाला, आणि एके दिवशी थोरल्याने डोळे उघडून भावाला ओळखलं.

मग खरी मेहनत सुरू झाली. व्यायाम घेणारी फिजिओथेरपिस्ट रोज यायची. ती थोरल्याला खाटेच्या कडेला बसवायची, पोटावर उशी धरायला लावायची आणि खोकायला सांगायची. आतला चिकट कफ सुटावा म्हणून ओंजळीसारख्या हाताने पाठीवर थापट्या मारायची. तिने धाकट्याला तसं करायला शिकवलं. त्याने सवयीने बोटं फिरवायला सुरुवात केली, तशी ती म्हणाली, "मालिश नको, काका. जोरात." बोटं सैल ठेवायची, हाताचा खोलगट भाग लागला पाहिजे, हे त्याच्या हाताला यायला वेळ लागला. तो थापटायचा, थोरला उशी घट्ट धरून खोकायचा, डोळ्यांतून पाणी यायचं. सिस्टर गळ्यातल्या नळीतून कफ ओढून घ्यायची. तेवढ्यानेच थोरला दमून आडवा व्हायचा. पुन्हा नको अशा नजरेने तो भावाकडे बघायचा. धाकटा म्हणायचा, "बघू नकोस माझ्याकडे. परत बस."

गळ्यातल्या नळीमुळे थोरल्याला आवाज नव्हता. हवा स्वरयंत्रापर्यंत पोचतच नव्हती, नळीतूनच निघून जायची. एका दुपारी तो भावाकडे बघून ओठ हलवायला लागला. धाकट्याने पाणी हवं का विचारलं. उशी? पंखा? थोरला चिडून मान हलवत राहिला आणि पुन्हा पुन्हा तेच ओठांवर आणत राहिला. शेवटी धाकट्याला पहिले शब्द उमगले: "त्या दिवशी दुकानात..." बाकीचे उमगायची गरज नव्हती.

"असं ओठांवरचं नको मला," तो म्हणाला. "आवाज आला की सांग."

थोरल्याने डोळे मिटले. मग पुन्हा उघडले आणि होकारार्थी मान हलवली.

पुढे नळी लहान केली, मग काढली. भोक पट्टीखाली आपोआप मिटत गेलं. आवाज आला, पण तो पूर्वीचा नव्हता. खरखरीत, मध्येच तुटणारा. मोठं वाक्य असलं की अर्ध्यावर श्वास घ्यावा लागायचा. निघण्याच्या दिवशी डॉक्टरबाई भेटायला आल्या. त्यांनी थोरल्याला, वहिनीला आणि धाकट्याला तिघांनाही एकेकाला विचारलं, की पुढे कुठेही, कसलंही ऑपरेशन करायची वेळ आली तर पहिली गोष्ट काय सांगायची. तिघांनीही बरोबर उत्तर दिलं. त्या प्रश्नाचं उत्तर अजून शोधतेय, असं त्या निघताना धाकट्याला म्हणाल्या. नळी एक दिवस जास्त ठेवली असती तर सूज कमी झाली असती, की छातीत आणखी घाण साठली असती, हे त्यांना ठामपणे सांगता येत नव्हतं. धाकट्याने हात जोडले. त्याच्या मनात तेव्हा राग नव्हता.

थोरल्याचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. पूर्वी तो दोन-दोन पायऱ्या चढायचा. आता वहिनीने मधल्या वळणावर एक स्टूल ठेवलं होतं. तो दुकानात येऊ लागला, पण खुर्चीमागे फार वेळ उभं राहणं त्याला जमेना. दुपारपर्यंत दोन-चार दाढ्या करायचा आणि बाकी वेळ बाकावर बसून गिऱ्हाइकांशी बोलायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं की फुफ्फुसाचा काही भाग आता असाच राहील. दमानं घ्या, थांबू नका. धाकटा त्याला दुपारी घरी पोचवायला जायचा. त्याच्या मागून एक पायरी सोडून चढायचा, हात पाठीपासून वीतभर लांब, लावायचा नाही पण तयार.

एकदा वळणावर थोरला स्टुलावर टेकला. खिडकीतून खालचा रस्ता दिसत होता, कोणीतरी सायकलवरून पाव विकत चाललं होतं. श्वास जागेवर आल्यावर तो म्हणाला, "त्या दिवशी मी जे बोललो," आणि श्वास घेतला, "लोकांसमोर... ते मी... बोलायला नको होतं."

धाकटा कठड्याला टेकून उभा होता. "मला लागलं होतं ते," तो म्हणाला. "फार लागलं होतं, दादा."

"माहीत आहे."

"बाकावरची माणसं हसली ना, ते जास्त लागलं."

थोरल्याने मान डोलावली. पुढे बोलायला त्याच्याजवळ श्वास नव्हता, आणि धाकट्यालाही आणखी काही ऐकायचं नव्हतं. वरून वहिनीने हाक मारली, अजून कुठे राहिलात म्हणून. "आलो," धाकटा म्हणाला. थोरल्याने कठडा धरला, धाकट्याने त्याच्या काखेखाली हात घातला, आणि उरलेल्या पायऱ्या दोघं सावकाश चढले.